सगळ्यांत हळू काम कोणतं, ते आधी सांगा

पत्र थोडक्यात: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय चौतीस. नवरा गोव्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. घरात सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुलं. पाच एकर रान, त्यात दोन एकर भात, दीड एकर ऊस आणि उरलेल्या उताराच्या माळावर काजू. सासऱ्यांना आता औत धरणं झेपत नाही, म्हणून बेंदूर झाल्यावर बैलजोडी विकली. तेव्हापासून सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. गेल्या पावसाळ्यात चिखल करायला ट्रॅक्टर नऊ दिवस उशिरा आला, तोवर तरवा (भाताची रोपं) पिवळा पडला. आता स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचं चाललंय. गाठीला अडीच लाख आहेत, आणखी साडेतीन लाख कर्ज काढायची तयारी आहे. दीर म्हणतात, घ्यायचाच तर पंचेचाळीस एचपीचा घ्या, भाड्याने फिरवता येईल. कोल्हापूरकडे दिलेली नणंद म्हणते, इकडून घ्या, स्वस्त पडेल. ताईंनी मोबाईलवर परदेशातल्या छोट्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघितलेत. त्यांत गिअर टाकावाच लागत नाही, पायाने एक पेडल दाबलं की गाडी पुढे, दुसरं दाबलं की मागे. त्या विचारतात: “ट्रॅक्टर मीच चालवणार. मला स्कूटी येते, खरं गिअरचं काही येत नाही. बिनगिअरचा ट्रॅक्टर आपल्याकडे मिळतो काय? नसेल तर कुठल्या गिअरचा घ्यावा? की बाईमाणसाने या भानगडीत पडूच नये?”

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. नवरा लांब, सासरे थकलेले, आणि तरीही पाच एकर रान तुम्ही पडीक पडू दिलेलं नाही. या भानगडीत तुम्ही केव्हाच पडलेल्या आहात. आता बैलाच्या जागी काय आणायचं एवढाच प्रश्न उरलाय, आणि तो पुरुषाला जसा पडतो तसाच तुम्हाला पडलाय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चाललेली दिसते, की ट्रॅक्टरमध्ये अवघड काय तर गिअर. ही समजूत मोटारीवरून आलीय. मोटार चालवताना रस्त्यावर दर मिनिटाला गिअर बदलावा लागतो, पाय क्लचवर, हात दांड्यावर, डोळे समोर. शेतात तसं नसतं. बांधावर ट्रॅक्टर थांबवायचा, कामाला लागेल तो गिअर टाकायचा, हाताचा थ्रॉटल ठरलेल्या जागी ठेवायचा आणि क्लच सोडायचा. मग सगळं वावर होईपर्यंत पुढे जायचा गिअर तोच राहतो. स्कूटीवर बाजाराच्या गर्दीतून तुम्ही रोज जे करता, त्यापेक्षा हे सोपं आहे. पंधरा दिवस एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी उभं करून मोकळ्या रानात सराव केलात, तर दांडा कुठे आहे हे बघायला मान वळवावी लागणार नाही.

मग हात-पाय कुठे दमतात? बांधापाशी. पुढे जा, थांब, मागे ये, वळ, पुन्हा पुढे. खानापूरकडची भाताची वावरं केवढी असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. एकेक तुकडा पाच-सात गुंठ्यांचा, चारी बाजूंनी बांध, एका वावरातून दुसऱ्यात उतरायला जेमतेम वाट. अशा एका वावरात रोटर, म्हणजे फिरत्या फाळांनी माती बारीक करणारं अवजार, मारताना किती वेळा मागे यावं लागतं ते एकदा मोजा. भाड्याचा ट्रॅक्टर पुन्हा येईल तेव्हा बांधावर बसून मोजा. तो आकडा तुमच्या गिअरबॉक्सचा निम्मा निकाल आहे. उरलेला निम्मा निकाल तुमच्या रानातल्या सगळ्यांत हळू कामावरून लागतो. त्यावर जरा सविस्तर बोलू, पण आधी तो बिनगिअरचा ट्रॅक्टर.

व्हिडिओत तुम्ही जे बघितलं त्याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. त्यात इंजिन एक तेलाचा पंप फिरवतं, पंपातलं दाबाचं तेल दुसऱ्या बाजूच्या मोटरला फिरवतं, आणि मोटर चाकाला. पेडल जास्त दाबलं की तेल जास्त जातं, वेग वाढतो. दुसरं पेडल दाबलं की तेल उलट दिशेने जातं आणि ट्रॅक्टर मागे येतो. त्याचं काम तुम्ही जवळून बघितलेलंही असणार. सुगीत भात कापायला रबरी पट्ट्यांवर चालणारं जे मशीन येतं, त्याचा चालक एकच दांडा पुढे-मागे करतो ना? आत बहुतेक हेच तंत्र असतं. भात लावणीच्या बसून चालवायच्या मशीनमध्येही हेच. परदेशात अशा छोट्या ट्रॅक्टरने लोक गवत कापतात, पुढच्या बकेटने माती-बर्फ उचलतात, म्हणजे दिवसभर पुढे-मागे. तिथे त्याला तोड नाही.

पण हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिनाची थोडी ताकद तेल गरम करण्यातच जाते. पंचवीस एचपीच्या इंजिनात ती तूट लगेच जाणवते. नांगरट, कुळव, भरलेली ट्रॉली अशा ओढीच्या कामात तेल आणखी तापतं. तेल आणि फिल्टर वेळेवर, ठरलेल्याच दर्जाचे लागतात, आणि पंप बिघडला तर गावातल्या मिस्त्रीच्या हातचं काम राहत नाही. आणि आपल्या बाजारात पंचवीस-तीस एचपीचे जे ट्रॅक्टर शोरूममध्ये उभे असतात ते जवळपास सगळे गिअरचेच. कुणी बाहेरून आणलेला जुना हायड्रोस्टॅटिक दाखवला तर मोहात पडू नका. नट्टीच्या (भात लावणीच्या) दिवसांत एखाद्या सुट्या भागासाठी तो दारात उभा राहिला, तर पुन्हा भाड्याच्याच ट्रॅक्टरची वाट बघणं आलं.

आता गिअरचे प्रकार. विक्रेता तीन-चार इंग्रजी नावं भराभर घेईल, आतली गोष्ट मात्र साधी आहे. सगळ्यांत जुना प्रकार स्लायडिंग मेश. दांडा हलवला की आतलं दातेरी चाक सरकत जाऊन दुसऱ्याच्या दातांत बसतं. ट्रॅक्टर पूर्ण थांबलेला नसेल तर दात दातावर घासतात, खर्रकन आवाज येतो आणि तळहाताला झिणझिण्या येतात. तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. हा प्रकार स्वस्त, दणकट, आणि कोणत्याही मिस्त्रीला उघडता येतो. दुसरा कॉन्स्टंट मेश. यात दातेरी चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात, दांड्याने फक्त मधली कडी सरकून हवी ती जोडी शाफ्टला जोडली जाते. दात घासत नाहीत, आवाज कमी, दांडा हलका. तिसरा सिंक्रोमेश. त्यात जोडणी होण्याआधी एक शंकूसारखी रिंग दोन्हीकडचा वेग सारखा करून घेते, म्हणून चालत्या गाडीतही गिअर पडतो.

आपल्या कामासाठी सिंक्रो पुढच्या सगळ्या गिअरना असण्याची गरज नाही. तो हवा पुढे-मागे करण्याच्या दांड्याला. याला शटल म्हणतात. स्टिअरिंगजवळ डाव्या हाताला एक छोटा दांडा असतो, क्लच दाबून तो पुढे केला की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढला की मागे. गिअर तोच राहतो. बिनगिअरच्या व्हिडिओत तुम्हाला जे आवडलं ना, त्यातलं बरंचसं या एका दांड्यात मिळतं. क्लच दाबावा लागतो एवढाच फरक.

जाहिरातीत ‘८ अधिक ४’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पुढचे आठ गिअर, मागचे चार. लोक पहिला आकडा बघतात. तुम्ही दुसरा बघा. महिंद्राचा जिवो २४५ हा ८ अधिक ४, कुबोटाचा बी २४४१ हा ९ अधिक ३, जॉन डिअरचा ३०२८ ईएन ८ अधिक ८, आणि महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर केलेल्या ओजा मालिकेत १२ अधिक १२. पुढचे-मागचे आकडे सारखे असले की बहुधा शटल आहे असं समजायचं: जेवढे वेग पुढे, तेवढेच मागे. मी यातला कुठलाच घ्या किंवा घेऊ नका म्हणत नाही. ही नावं एवढ्यासाठीच दिली, की शोरूममध्ये कागद हातात आल्यावर काय वाचायचं ते कळावं.

आता हळू कामाचं. रोटरचे फाळ फिरतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि हा पीटीओ इंजिनाच्या ठरावीक वेगाला मिनिटाला ५४० फेरे घेतो. फाळ तेवढ्याच वेगाने फिरत राहिले आणि ट्रॅक्टर हळू चालला, तर एकाच जागेवर जास्त घाव पडतात, माती बारीक होते. ट्रॅक्टर भरभर गेला की ढेकळं राहतात. म्हणजे माती किती बारीक हवी हे गिअर ठरवतो, आणि त्यासाठी थ्रॉटल कमी करून चालत नाही, कारण थ्रॉटल उतरला की फाळही मंदावतात. इंजिन जोरात, चाल मंद, असं पाहिजे. पहिला गिअर पुरेसा मंद नसेल तर चालक काय करतो? अर्धा क्लच दाबून धरतो. दुपारपर्यंत जळका वास येतो, आणि एखाद-दुसऱ्या हंगामात क्लचप्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचं रान येळ्ळूरच्या बाजूला, काळी जमीन, खरीपाला भात आणि त्याच ओलीवर पुढे मसूर-हरभरा. घरी पहिला छोटा ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही रंग बघितला, एचपी बघितला, रस्त्याला किती पळतो तेही विचारलं. पहिल्या गिअरला तो किती हळू जातो, हे कुणीच विचारलं नाही. भात काढल्यावर त्या काळ्या मातीत रोटर घातला आणि मुठीएवढी ढेकळं वर आली. दोन पाळ्यांचं काम चार पाळ्यांवर गेलं, डिझेल दुप्पट, आणि तोवर ओल उडाली. मसूर त्या वर्षी विरळ उगवला. तेव्हापासून कुणीही ट्रॅक्टरबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, तुमचं सगळ्यांत हळू काम कोणतं?

तुमच्या रानात ते चिखलाचं आणि उसातल्या भरणीचं असेल. रोटरला ताशी दोन ते तीन किलोमीटर चाल लागते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पीटीओ ५४० वर असताना सगळ्यांत खालच्या गिअरला ताशी किती किलोमीटर जातो? हा आकडा माहितीपुस्तकात असतो. दोनच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर ठीक. तिथून वर एक-दोन गिअर पाच किलोमीटरच्या आतले असावेत, म्हणजे कुळवाला आणि कोळपणीला वेगळा वेग निवडता येईल. क्रीपर म्हणून एक याहून मंद गिअर काही मॉडेलना मिळतो, ताशी एक किलोमीटरच्याही खाली. कडोलीकडे भाजीपाल्याची रोपं मशीनने लावणाऱ्याला तो कामाचा. तुमच्या पिकांना त्याच्यासाठी जादा पैसे मोजायला नकोत.

क्लचचंही विचारून घ्या. सिंगल क्लच असेल तर पेडल दाबलं की चाक थांबतं आणि पीटीओही थांबतो. ड्युअल क्लचमध्ये अर्धं पेडल दाबलं की फक्त चाक थांबतं, रोटर फिरत राहतो, पूर्ण दाबलं तर दोन्ही थांबतं. काही ट्रॅक्टरना पीटीओ चालू-बंद करायचा हाताचा दांडाच वेगळा असतो. चिखलात दर वळणाला थांबावं लागतं, तिथे सिंगल क्लचवर रोटर पुन्हा पुन्हा थांबतो आणि भरलेल्या गाळातून त्याला पुन्हा फिरवायचा जोर इंजिनावर येतो. तुमच्या लहान वावरांसाठी मी शटल आणि ड्युअल क्लच या दोन गोष्टींवर पैसे खर्च करीन, आणि गिअरच्या एकूण संख्येवर अजिबात नाही.

दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. भाड्याने चालवायचा तर मोठा ट्रॅक्टर जास्त कामं करतो, हे खरंच आहे. पण तो तुमच्या बांधावरून वावरात उतरणार कसा आणि पाच गुंठ्यांत वळणार कुठे? पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात जातो, चिखलात खोल रुततो, आणि त्याची वाट दरवर्षी बांध खाते. वीस ते अठ्ठावीस एचपीचे ट्रॅक्टर साधारण सहाशे किलोपासून हजाराच्या थोडं वरपर्यंत असतात. भाड्याचा धंदा करायचा तर चालक कोण, रात्री-अपरात्री जाणार कोण, उधारी वसूल कोण करणार, हेही दिरांना विचारा. ते स्वतः ती जबाबदारी घेत असतील तर तो वेगळा हिशेब, आणि तो त्यांच्या नावावर, त्यांच्या कर्जावर होऊ द्या.

रुंदी मात्र टेप लावून मोजा, कागदावरच्या आकड्यावर भागवू नका. उसाची सरी तीन फुटांची असेल तर मिनी ट्रॅक्टरसुद्धा आत नीट जात नाही, ऊस तुडवतो. चार-साडेचार फुटांवर लावण असेल तर लहान उसात कोळपणी, भरणी करता येते. तुमचा खोडवा संपून नवी लावण कधी आहे ते बघा. ट्रॅक्टर आधी आला आणि सरी तीन फुटांचीच राहिली, तर उसापुरतं तुम्ही पैसे वाया घालवलेत असं होईल. फोर व्हील ड्राइव्ह घ्याच, भाताच्या चिखलात आणि काजूच्या उतारावर तो लागतो. पॉवर स्टिअरिंगही घ्या. चिखलात पुढची चाकं वळवताना दंडाला जो ओढा बसतो तो दिवसभर सोसायचं कारण नाही.

आता थोडा हिशेब. चार फुटी रोटर, ताशी अडीच किलोमीटर चाल, वळणं धरून एका एकराला पावणेदोन तास. दोन एकर भाताला एक कोरडी पाळी आणि चिखलाच्या दोन, म्हणजे साडेदहा तास. उसाची कामं, काजूतलं गवत, शेणखत, पिंजर, वैरण यांच्या वाहतुकीसकट सगळं धरलं तरी स्वतःच्या रानात वर्षाला साठ-सत्तर तास भरतील. साडेतीन लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर नुसत्या मुद्दलाचेच वर्षाला ७० हजार. तासाला हजारावर झाले, व्याज आणि डिझेल सोडून. निव्वळ पैशाने बघितलं तर भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

तरीही घ्या असंच मला वाटतं, कारण तुमचं दुखणं पैशाचं नाही, ते नऊ दिवसांचं आहे. मृगापासून पाऊस आपल्या हातात नाही. ज्या दिवशी वावरात पाणी उभं राहिलं त्या दिवशी चिखल झाला पाहिजे, आणि तेव्हा सगळ्या शिवाराला एकच ट्रॅक्टर हवा असतो. पण ओझं एकट्याने उचलू नका. लगतच्या तीन-चार घरांचं मिळून काम धरलं तर वर्षाला दीडशे तास सहज होतात आणि हप्त्याला आधार होतो. आधी त्या घरांशी बोला, मग शोरूममध्ये जा. आणि एक वर्ष थांबायची तयारी असेल तर होबळीच्या (महसूल मंडळाच्या) कृषी यंत्रधारे केंद्रात छोटा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो का ते बघा. तिथून चार दिवस आणून स्वतः चालवलात तर निम्म्या शंका आपोआप मिटतील.

पॉवर टिलरचं कुणी सुचवेल. किमतीला तो बराच कमी, लहान वावरात उत्तम, उसाच्या भरणीला तर आपल्याकडे तोच चालतो. ‘बाईमाणसाला छोटं यंत्र बरं’ असंही म्हणतील. ते उलटं आहे. टिलरच्या मागे गुडघाभर चिखलात चालावं लागतं, वळवताना सगळं धूड मनगटांवर येतं, संध्याकाळी हात बधिर होतात. ट्रॅक्टरवर तुम्ही बसलेल्या असता. अंगमेहनतीचा विचार केला तर तुमच्यासाठी ट्रॅक्टरच हलका.

नणंदेचं कोल्हापूर. सीमेवर राहणाऱ्यांना ही निवड कायम असते, आणि कधी कधी भावात खरंच फरक पडतो. पण तुमचं रान कर्नाटकात, ट्रॅक्टर उभा राहणार कर्नाटकात, तेव्हा नंबर बेळगावच्या केए-२२ चाच लागणार. महाराष्ट्राच्या नंबरचा ट्रॅक्टर इकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नव्याने नोंदणी करावी लागते. इकडचं अनुदान हवं असेल तर वाट कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून जाते. त्यासाठी फ्रूट्स आयडी (शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक) लागतो, तो उताऱ्यावरच्या नावाला जोडलेला असतो, आणि अनुदान कृषी खात्याने मान्य केलेल्या मॉडेलना व विक्रेत्यांनाच मिळतं. आधी पैसे भरून मागून अर्ज केला तर हातचं जाईल, म्हणून पहिली फेरी रयत संपर्क केंद्राची करा. उतारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर अर्ज, कर्ज, ट्रॅक्टर कुणाकुणाच्या नावावर होणार हे घरात बसून आधी ठरवा. चालवणार तुम्ही, हप्त्याची काळजी करणार तुम्ही, तेव्हा कागदावर तुमचंही नाव कुठेतरी यावं असं मला वाटतं. हप्ते महिन्याचे घेऊ नका, सहामाही किंवा वार्षिक मागा आणि उसाचं बिल येतं त्याच्या दोन महिने पुढची तारीख धरा. शोरूमचे जुने भाव कुणी सांगितले तर लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. सहा लाखांत रोटर, विमा, नोंदणी सगळं बसवायचं आहे, नुसत्या ट्रॅक्टरचा भाव ऐकून होकार देऊ नका. आणि स्कूटीचं लायसन्स ट्रॅक्टरला चालत नाही, हलक्या मोटार वाहनाचं काढून घ्या. शिकाऊ लायसन्ससाठी आत्ताच अर्ज केलात तर पावसाळ्याआधी पक्कं हातात येईल.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या कळकळीने सांगतो. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० वेळा फिरतो. त्यात पदराचं टोक, ओढणी किंवा वेणी अडकली तर हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तुमच्या ट्रॅक्टरचं काढू देऊ नका, फुटलं तर त्याच आठवड्यात नवीन बसवा. काम करताना सलवार-कमीज किंवा पँट-शर्ट, केस बांधून टोपीत, आणि रोटरमध्ये अडकलेलं गवत काढायचं तर इंजिन बंद, चावी खिशात. दुसरं म्हणजे काजूचा उतार. उतरताना खालचा गिअर आधीच टाका आणि क्लचला पाय लावू नका. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाने धावतो. घाबरून क्लच दाबणं ही नव्या चालकाची पहिली चूक असते, स्कूटीवरून येणाऱ्याची तर हमखास. सीटमागची लोखंडी कमान उभी ठेवा, पट्टा लावा. जो तुकडा उभ्या चढाचा आहे तिथे ट्रॅक्टर नेऊच नका, तिथलं गवत हातमशीनने काढा.

शोरूमच्या फरशीवर ट्रॅक्टर बघून ठरवू नका. डेमो तुमच्या वावरात मागा, तोही पाऊस पडून गेल्यावर. आधी इंजिन बंद असताना सीटवर बसा. पाठ सीटला टेकलेली असताना क्लच तळापर्यंत दाबला जातो का, गुडघा स्टिअरिंगला लागतो का, शटलचा दांडा हाताला न वाकता सापडतो का. मग तुमच्या सगळ्यांत अडचणीच्या वावरात रोटर लावून स्वतः चार वळणं घ्या. विक्रेत्याचा माणूस सफाईने चालवून दाखवेल, ते बघण्यात वेळ घालवू नका. रोटर जोडायचं-सोडायचं काम तुमच्या हाताने करून बघा. तिन्ही पिना सपाट जागेवर आधी डावी, मग उजवी, मग वरची अशा लावल्या तर जोर लागत नाही. चिखलाचा हंगाम संपला की पुढच्या एक्सलचं तेल तपासायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर सील मधून पाणी शिरलंय, तेव्हाच बदलून घ्यायचं. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत सर्व्हिस आहे का, नट्टीच्या दिवसांत मिस्त्री रानात येतो का, हे विक्रेत्याला न विचारता तोच ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याला विचारा.

डेमोच्या दिवशी सासऱ्यांना खुर्ची टाकून बांधावर बसवा. तुमच्या चार फेऱ्या झाल्या की त्यांना वावरात उतरून चालायला सांगा. चिखल नट्टीला तयार आहे की खाली अजून ढेकूळ लागतंय, हे त्यांच्या तळपायाला आपल्या कुणापेक्षाही आधी कळेल.